गव्हर्नर, सचिव आणि स्मरणाचा अधिकार

वसाहतीच्या कारभारात गव्हर्नरची सही अंतिम असते, असे आपण गृहीत धरतो. ज्या टिपणाखाली ती सही होते त्याचा कर्ता कोण, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. व्हॅन डिमेन्स लँडमधील (आजचे टास्मानिया) लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन फ्रँकलिन आणि वसाहत-सचिव जॉन माँटेग्यू यांचा वाद या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

१८३७ मध्ये फ्रँकलिन होबार्टला आला तेव्हा पूर्वाधिकारी जॉर्ज आर्थर याने उभी केलेली यंत्रणा त्याच्या वाट्याला आली. माँटेग्यू हा विवाहसंबंधाने आर्थरचा आप्त. सारे दप्तर त्याच्या हातचे. फ्रँकलिन हा दर्यावर्दी. त्याला माणसे कळत, फायली कळत नसत.

ठिणगी पडली ती १८४१ मध्ये, रिचमंडच्या डॉ. कव्हरडेल यांच्या प्रकरणातून. उपचारांतील हयगयीबद्दल बडतर्फ केलेल्या या डॉक्टरला रहिवाशांच्या अर्जानंतर फ्रँकलिनने पुन्हा कामावर घेतले. यामागे लेडी जेन फ्रँकलिन आहेत, असे माँटेग्यूने मानले आणि आपले सहकार्य आखडते घेतले. पत्नीच्या प्रभावाचा हा आरोप म्हणजे गव्हर्नरच्या निर्णयाचे कर्तृत्वच नाकारणे होय. पुढे एका पत्रात त्याने आणखी मजल मारली : आपली स्मृती अचूक म्हणून सर्वज्ञात आहे, गव्हर्नरना मात्र स्वतःच्या स्मृतीवर नेहमी विसंबता येत नाही, असा त्याचा आशय होता. हे केवळ औद्धत्य नव्हे. शासनाला काय आठवते हे सचिवच ठरवणार, असा तो दावा आहे. जानेवारी १८४२ मध्ये फ्रँकलिनने त्याला निलंबित केले.

माँटेग्यू लंडनला गेला आणि वसाहतमंत्री लॉर्ड स्टॅन्ली यांच्यापुढे त्याने आपली बाजू स्वतः मांडली. फ्रँकलिनची बाजू मांडायला कागदच काय ते होते. सप्टेंबर १८४२ च्या खलित्यात स्टॅन्लींनी माँटेग्यूला निर्दोष ठरवले. त्या खलित्याची प्रत माँटेग्यूच्या हाती पडली व तिचा मजकूर होबार्टमध्ये फिरला. त्याला केप वसाहतीचे सचिवपद मिळाले. फ्रँकलिनच्या बाबतीत १८४३ मध्ये वारसदार आधी पोहोचला आणि परत बोलावल्याची अधिकृत सूचना मागाहून.

१८४५ मध्ये फ्रँकलिनने आपली कैफियत छापली. तिच्या शीर्षकात त्याने ‘नॅरेटिव्ह’ हा शब्द योजला आहे, पण रचना आहे ती पत्रव्यवहाराची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्याच माध्यमाची. त्याच वर्षी तो उत्तर ध्रुवाकडील मोहिमेवर निघाला, आणि तिथेच १८४७ मध्ये त्याचा मृत्यू झाला.