मश्क : रेषेची साधना

हैदराबादचा बेगम बाजार दुसरे निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांच्या नावाने ओळखला जातो. तेथून मुसी ओलांडली की छत्ता बाजार ही कातिबांची जुनी पेठ लागते. कातिबाच्या शिक्षणाचा पाया मश्क, म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवणे. कलमाने उमटलेला नुक्ता हेच माप. अलिफची उंची त्यानेच मोजतात. लांब रेघ ओढताना श्वास रोखला जातो, चित्त एकाग्र होते. कागद काळा होईपर्यंत गिरवण्यास 'सियाह मश्क' म्हणतात. इराणचे मीर इमाद (निधन १६१५) यांच्या अशा मश्का कलाकृती म्हणून जपल्या गेल्या. १९९० च्या दशकात संगणकीय नस्तालीक रूढ झाले आणि अनेक कातिबांची रोजी गेली. रोजीबरोबर मन शांत करणारी ही तालीमही जाऊ द्यावी काय, याचा विचार भाषाशिक्षकांनी करावयास हवा.