शोकेसमधला ॲमोनाइट आणि नसलेली चिठ्ठी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. प्रबंधाचं एक प्रकरण संपता संपत नव्हतं. माझा विषय तुम्हाला माहीत आहेच: जीवाश्म जमवणाऱ्या आणि विकणाऱ्या लोकांचा इतिहास. "यात अभ्यास करण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आज मावशीच्या शोकेसमधल्या एका वस्तूवरून उत्तर देऊन बघते.

काचेच्या हत्तीशेजारी तिनं एक ॲमोनाइट ठेवलाय. तळहाताएवढा, मधोमध कापून आरशासारखा पॉलिश केलेला. "भेट आलाय. शंखच ना गं हा?" तिनं विचारलं.

दिसतो शंखासारखा, पण हा प्राणी ऑक्टोपस आणि माकूल यांचा नातेवाईक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्याच सुमारास, हा गट नामशेष झाला. कवचात पडदे घालून एकामागे एक कप्पे केलेले असायचे. प्राणी राहायचा सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात. आतल्या कप्प्यांतल्या वायूमुळे त्याला पाण्यात तोल सांभाळता यायचा. मेल्यानंतर त्या रिकाम्या कप्प्यांत कुठे चिखल भरला, कुठे खनिजांचे स्फटिक वाढले. मावशीच्या तुकड्यात चमकतात ते हेच स्फटिक. म्हणजे कापल्यामुळे आपल्याला आतलं घर दिसतं, हे मान्य करायला हवं.

आता माझ्यासोबत इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, व्हिटबीला चला. तिथल्या कड्यांमधून सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे ॲमोनाइट निघतात. सातव्या शतकात तिथे हिल्डा नावाची साध्वी मठाची प्रमुख होती. दंतकथा अशी, की तिनं गावातल्या सापांचे दगड केले. वेटोळी तर समोर होती, पण डोकी कुठायत? मग कारागिरांनी दगडावरच सापाची डोकी कोरली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांनी हे 'सर्पदगड' हौसेनं विकत घेतले. पुढे १८६७ मध्ये अल्फियस हायट या अमेरिकन अभ्यासकानं ॲमोनाइटांच्या एका प्रजातीला 'हिल्डोसेरास' असं नाव दिलं. साध्वी अशी विज्ञानातही पोचली!

तुम्ही म्हणाल, ही तर चक्क फसवणूक. प्राण्याच्या बाबतीत, हो. पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला ते कोरलेलं डोकं फार उपयोगाचं आहे. गावाची श्रद्धा, कारागिराचा हात, गिऱ्हाइकाची आवड, सगळं त्यात सापडतं. आणि दगड व्हिटबीचा आहे हे कथेमुळे टिकून राहतं.

हे 'कुठला' इतकं महत्त्वाचं का? याचं उत्तर विल्यम स्मिथकडे आहे. कालव्यांसाठी जमीन मोजणारा हा माणूस. खोदकाम बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की खडकाच्या प्रत्येक थरात ठराविक जीवाश्म मिळतात. त्यावरून थर ओळखत त्यानं १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या काही भागाचा भूशास्त्रीय नकाशा छापला. पुढे कर्जापायी त्याला आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला. पण कोणता जीवाश्म कुठल्या ठिकाणचा, कुठल्या थरातला, याची नोंद त्यानं ठेवली होती. म्हणून विकल्यावरही तो संग्रह पुरावाच राहिला. ॲमोनाइटांच्या जाती झपाट्यानं बदलत गेल्या, त्यामुळे थरांचं वय ठरवायला ते आजही अतिशय उपयोगी पडतात. अट एकच, ठिकाण माहीत हवं.

आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको खरं तर. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून ठेवतो तो शाळिग्राम. नेपाळमधल्या काली गंडकीतून येणाऱ्या या शिळांपैकी कितीतरींच्या पोटात ॲमोनाइटच असतो. आजीला त्याचं शास्त्रीय नाव माहीत नसेल, पण तो गंडकीचा आहे हे ती ठामपणे सांगेल.

मावशीच्या तुकड्याच्या डबीत मात्र एवढंच छापलंय: 'फॉसिल, मादागास्कर'. कुठली खाण, कुठला थर, कुणी काढला, कुणी घासला, काही नाही. मादागास्करचे असे कापलेले, चकचकीत ॲमोनाइट जगभर विकले जातात. ते उकरणारी आणि घासणारी माणसं व्हिटबीच्या कारागिरांसारखीच आहेत, फक्त त्यांचा माग आपण ठेवत नाही. माझ्या प्रबंधातलं रखडलेलं प्रकरण नेमकं याच माणसांबद्दल आहे.

"मग टाकून देऊ का?" मावशी जरा हिरमुसलीच. छे! शोकेसमध्येच राहू दे. आम्ही दोघींनी एक छोटी चिठ्ठी केली: कुणी दिला, कधी दिला, डबीवर काय छापलं होतं. ती आता त्याच्याखाली आहे. तुमच्या घरात असा एखादा दगड असेल, तर देणाऱ्याला आजच विचारून घ्या. आणि विकत घेणार असाल, तर किमतीच्या आधी गाव विचारा.