दर्याचं गाणं आणि ते लिहिणारी बाई

तुळिंजच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. एरवी या वेळेला आपण हप्ते, व्याज, बँकेचं खातं, पापड-मसाल्याचा हिशोब यावर बोलतो. आज एका गाण्याबद्दल बोलायचं आहे. गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, 'मी डोलकर'. हळदीच्या मांडवात ते लागलं की नवरीची आजीसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या वल्हं मारल्यासारखे हात हलवते. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरी पुठ्ठ्याची वल्ही घेऊन त्यावर नाचतात. निर्मळच्या जत्रेत आकाशपाळण्याशेजारच्या कर्ण्यावर ते ऐकत ऐकत आम्ही लहानाच्या मोठ्या झालो.

गेल्या महिन्याच्या बैठकीत वसुली आटोपल्यावर आम्ही सहज विचारलं, हे गाणं कोणाचं? एक म्हणाली, कोळ्यांचं, पूर्वापार चालत आलेलं. दुसरी म्हणाली, लताबाईंचं. तिसरीला ते कुठल्याशा सिनेमातलं वाटत होतं. लिहिलं कोणी, हे मात्र कोणालाच सांगता आलं नाही.

ते सिनेमातलं नाही. पूर्वापारही नाही. ते लिहिलं शांता शेळके यांनी, चाल दिली हृदयनाथ मंगेशकरांनी, आणि गायलं लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी. आता गंमत बघा. शांताबाईंचा जन्म १९२२ सालचा, पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. तिथून समुद्र किती लांब! मंगेशकरांचं मूळ गोव्यात मंगेशीला. हेमंतकुमार तर बंगाली. म्हणजे या चौघांत कोळीवाड्यात जन्मलेलं कोणीच नाही. तरीही अर्नाळ्यापासून वेसाव्यापर्यंत कुठल्याही कोळीवाड्यात जा, गाणं त्यांचंच आहे. ते कसं झालं, हे समजून घ्यावंसं आम्हाला वाटलं.

आधी 'डोलकर' म्हणजे काय ते बघू, कारण पूर्वेकडच्या आमच्या बायकांना तो नुसता डोलणारा माणूस वाटायचा. डोल हे जाळ्याचं नाव आहे. मोठ्या पिशवीसारखं जाळं, तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळतं होत जाणारं. समुद्राच्या तळात रोवलेल्या खांबांना ते दोरांनी बांधतात. मासा पकडायला जाळं धावत नाही, पाणी धावतं. भरती-ओहोटीच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, कोलंबी आपसूक आत येतात. पाण्याची ओढ थांबते त्या थोड्या वेळात जाळं रिकामं करायचं आणि पाणी उलटं फिरलं की तोंड त्या दिशेला करून पुन्हा लावायचं. असं जाळं लावणारा तो डोलकर. वसई, अर्नाळा, सातपाटी या आपल्या किनाऱ्यावर हीच मासेमारी पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्यामुळे शांताबाईंनी निवडलेला शब्द दिसायला सोपा असला तरी नेमका आहे. बोटीवर बसलेला कोणीही माणूस तिथे चालला नसता.

दुसरी गोष्ट बोलीची. त्या गाण्यात 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो, क्रियापदं कोळीवाड्याच्या पद्धतीनं वळतात. आपल्या बोलीला शाळेत हसतात हे आपल्यातल्या बहुतेकींनी सोसलं आहे. आगरी असो, वाडवळी असो, सामवेदी असो की वारली, वर्गात तोंड उघडलं की कोणीतरी खुसखुसायचंच. आणि इथे त्याच वळणाचे शब्द लताबाईंच्या गळ्यातून रेडिओवर येत होते. आमच्या मते या गाण्यावरच्या प्रेमाचं निम्मं कारण तरी हेच असावं.

शांताबाईंबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्या आपल्या कामाच्या बाई आहेत. त्या शिकल्या, आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग' मध्ये त्यांनी नोकरी केली, मग नागपूर आणि मुंबईच्या कॉलेजांत मराठी शिकवलं. स्वतःची भाकरी स्वतः कमावली. कविता, कादंबऱ्या, अनुवाद, बालसाहित्य आणि शेकडो गाणी लिहिली. १९९६ साली आळंदीला साहित्य संमेलन झालं, त्याच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांच्याआधी हा मान फक्त दोन बायकांना मिळाला होता, १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे आणि १९७५ मध्ये दुर्गा भागवत. संमेलनं १८७८ पासून भरतात, म्हणजे हिशोब तुम्हीच करा. शांताबाई २००२ साली गेल्या.

आता ही एक गोष्ट ऐका. शांताबाईंनी काही गाणी 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली. पुरुषाचं नाव, वर डॉक्टर! आणि ज्या लताबाईंच्या आवाजाला सगळा देश ओळखत होता, त्यांनी 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' अशा मराठी चित्रपटांना संगीत दिलं, तेही 'आनंदघन' या नावाने. प्रत्येकीची कारणं वेगळी असतील. पण गटाच्या कामात आम्हाला रोज दिसतं की दुकान बाई चालवते आणि पाटी नवऱ्याच्या नावाची असते. त्यामुळे ही दोन नावं ऐकून बैठकीतल्या बायका जरा गप्पच झाल्या.

गाणं माणसाला जागेशी कसं बांधतं याचं एक लांबचं उदाहरण आमच्या वाचनात आलं. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्राकाठी व्हिटली बे नावाचं गाव आहे. तिथे १९१० पासून 'स्पॅनिश सिटी' नावाची करमणुकीची जागा होती. पांढरा मोठा घुमट, पाळणे, झोपाळे, खेळांची दुकानं, म्हणजे कायमची जत्राच समजा. त्या भागात लहानाचा मोठा झालेला मार्क नॉपफ्लर पुढे 'डायर स्ट्रेट्स' या गिटारवाल्या मंडळींचा गायक झाला आणि १९८० साली त्याने 'टनेल ऑफ लव्ह' हे गाणं काढलं. जत्रेत एक मुलगी भेटते, पाळण्यात बसतात, रात्र संपते, मुलगी निघून जाते, एवढीच गोष्ट. पण त्यात त्या जागेचं नाव आहे. पुढे पाळणे बंद पडले, इमारत मोडकळीला आली, तरी जगभरच्या चाहत्यांच्या तोंडी स्पॅनिश सिटी राहिली. त्यातल्या कित्येकांनी ती डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. २०१८ साली दुरुस्ती होऊन ती इमारत पुन्हा उघडली. गाण्यामुळे दुरुस्ती झाली असं आम्ही म्हणणार नाही, दुरुस्ती पैशाने होते. पण लोक ते नाव विसरले नव्हते, त्यात गाण्याचा वाटा आहेच.

हे वाचल्यावर आम्हाला निर्मळ आठवलं. तुळिंज रेल्वेच्या पूर्वेला, निर्मळ नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, पुढे कळंबचा समुद्र. कार्तिक वद्य एकादशीला शंकराचार्यांच्या मंदिरापाशी जत्रा भरते आणि पुढे बरेच दिवस चालते. हिंदू येतात, ख्रिस्ती येतात, सासरी गेलेल्या मुली मुद्दाम त्याच सुमाराला माहेरपणाला येतात. भांडी, बांगड्या, खेळणी, आकाशपाळणा, आणि आपल्या वसईची सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, मधासारखी झालेली. सुकेळी करणं हे किचकट काम, ते करणाऱ्या घरं आता कमी झाली. (गटांनी याकडे व्यवसाय म्हणून बघायला हरकत नाही, पण तो विषय वेगळा.) सांगायचं ते एवढंच, की या जत्रेचं नाव असलेलं, सगळ्यांच्या तोंडी बसलेलं एकही गाणं आमच्या बैठकीत कोणाला आठवेना. जत्रेत वाजतात ती सगळी बाहेरून आलेली गाणी. 'मी डोलकर' धरून.

आमचं त्या गाण्यावर प्रेम आहे, म्हणूनच त्यात काय नाही तेही सांगतो. त्यातली बाई नटलेली आहे, केसात चाफा, नाकात नथ, पुनवेच्या रात्री ती नाचते. छान दिसते. पण अर्नाळ्याची एक मावशी हसून म्हणाली, "अगो, पुनवेला उधाण, पाण्याला ओढ मोठी, डोलीचं काम तेव्हाच जास्त. नाचायला फुरसत कोनाला?" खरंच, समुद्रात जाणारा पुरुष असला तरी मासळी किनाऱ्याला लागल्यापासून पुढचं सगळं बाईच्या हातात असतं. निवडायची, बर्फ घालायचा, बोंबील बांबूंवर टांगून वाळवायचे, पाटी उचलून लोकलच्या मालडब्यात चढायचं, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची, उधारी लक्षात ठेवायची आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घर चालवायचं. पाटीवाली ही बाई गाण्यात कुठे दिसत नाही. शांताबाईंवर हा ठपका नाही. एका गाण्यात सगळं मावत नसतं.

पण मग पाटीवालीचं गाणं कुठे आहे? ते आहे, ते आपल्याच घरांत आहे. पालघरच्या आपल्या वारली बहिणींना धवलेरी माहीत आहे. लग्नात भिंतीवर चौक लिहितात, तेव्हा आणि पुढच्या विधींना गाणी म्हणणारी ती बाईच असते, लग्न तीच लावते. आगरी समाजात तिला धवलारीण म्हणतात. तिच्या गाण्यांना धवले. पोथी नाही, कागद नाही, रात्रभराची गाणी तोंडपाठ. हळद कोणी दळली, मांडवाला डहाळे कुठून आणले, गावदेवीला आधी बोलावलं का, मुलीचा मामा कुठल्या गावचा, हे सगळं नावानिशी त्यात येतं. व्हिटली बेच्या गाण्यात गावाचं एक नाव आलं तर जगाने ते लक्षात ठेवलं. आपल्या धवल्यांत गावंच्या गावं आहेत.

सोपाऱ्याचा इतिहास म्हटला की सगळे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरलेला स्तूप सांगतात, सम्राट अशोकाचा शिलालेख सांगतात. ते मोठंच आहे, आम्ही शाळेतल्या मुलांना तिथे नेतो. दगड दोन हजार वर्षं टिकला. धवले मात्र म्हातारीच्या बरोबर जातात. हळदीला आता डीजे येतो, 'मी डोलकर' त्यात ठोके घालून लावतात, आणि धवलारणीला जागा मिळते ती मांडवाच्या कोपऱ्यात, तीही घटकाभर. डीजेला हजारो रुपये, तिला साडी-नारळ. आम्हाला डीजेचा राग नाही, आम्हीही नाचतो. पण दोघांच्या बिदागीतला फरक डोळ्यांत भरतो.

म्हणून आमच्या तीन गटांनी एक वही घातली आहे. हिशोबाचीच जाड वही, उभ्या रेघांची. डाव्या पानावर गाणं, उजव्या पानावर म्हणणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, तिचं माहेर, सासर, कोणाकडून शिकली आणि कुठल्या विधीला म्हणतात. फोनवर आवाजही घेतो, पण तिला विचारून, आणि तिने नको म्हटलं तर नाही. इंटरनेटवर टाकायचं असेल तर पुन्हा विचारतो. बोलीतला शब्द बदलायचा नाही, हा नियम सगळ्यांनी मिळून केला. लिहिणाऱ्या मुली दहावी-बारावीच्या आहेत. त्यांचा हात सवयीने शब्द 'शुद्ध' करायला जातो, मग म्हातारी ओरडते.

आतापर्यंत सत्तावीस गाणी झाली. त्यात हळदीची आहेत, जात्यावरची आहेत, एक मासळी बाजाराचं आहे, भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाची टर उडवणारं. ते ऐकून बैठकीत इतका हशा झाला की त्या दिवशीची वसुली अर्ध्यावर राहिली. एका धवलारणीने आम्हाला अकरा धवले दिले. बारावा मुलीच्या पाठवणीचा आहे, तो ती मांडवाशिवाय म्हणत नाही. घरात उगीच म्हटला तर चांगलं नाही, असं तिचं म्हणणं. येत्या वैशाखात तिच्या नातीचं लग्न आहे. आम्हाला बोलावणं आलं आहे, आणि वहीचं ते पान आम्ही कोरं ठेवलं आहे.