बंब, ज्योत आणि लाल बटण

आमच्या कोल्हापूरच्या घरी तांब्याचा बंब होता. तो नीट पेटलाय की नाही हे आजी अंगणातूनच सांगायची. धूर बघायची आणि ओरडायची, "ओली लाकडं घातलीस काय रं?" हे मला आठवलं गेल्या जानेवारीत, मॅसॅच्युसेट्समधल्या भाड्याच्या घराच्या तळघरात. रात्रीचे दोन, बाहेर उणे १२, आणि मी स्वेटरवर जॅकेट चढवून एका बंद पडलेल्या बॉयलरसमोर उभा!

तर झालं असं, की घरमालकाने जुना बॉयलर काढून नवा कोरा बसवला होता. बॉयलर म्हणजे मोठा बंबच. फक्त लाकडांऐवजी डिझेलच्या जातीचं तेल जाळतो आणि गरम पाणी पाइपांतून घरभर फिरवतो. न्यू इंग्लंडमधल्या बऱ्याच घरांत अजून हीच पद्धत आहे. तर हा नवा गडी तिसऱ्याच रात्री गप्प. बर्नरवर एक लाल बटण होतं. दाबलं, घरघर झाली, 'खट्' आवाज आला, शांतता. मग मी तेच केलं जे आपण ऑफिसात करतो. पुन्हा रिस्टार्ट. परत घरघर, परत खट्. तिसऱ्यांदा दाबलं तर घरघरसुद्धा नाही.

सकाळी एक वयस्कर मेकॅनिक आले. नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला, पहिला प्रश्न: "बटण किती वेळा दाबलंस?"

या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, हे मला नंतर वाचताना कळलं.

१८८५ साली मिनिआपोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ नावाच्या माणसाने कोळशाच्या भट्टीसाठी एक यंत्र बनवलं. खोली थंड झाली की भट्टीची हवेची झडप आपोआप उघडायची, उबदार झाली की मिटायची. (याच धंद्याचा वंश पुढे हनीवेल कंपनीपर्यंत पोचला.) पण बुट्झला एक सोय होती. कोळसा एकदा पेटला की धुमसत राहतो. आग आहे का, हा प्रश्न यंत्राला पडतच नव्हता.

१९२० च्या दशकात अमेरिकन घरांत तेलाचे बर्नर पसरले आणि हा प्रश्न उभा राहिला. तेल सतत जळत नाही. थर्मोस्टॅटने हाक मारली की पंप सुमारे १०० पीएसआय दाबाने तेल नॉझलमधून फवारतो, शेजारी दहा हजार व्होल्टची ठिणगी पडते, आणि ज्योत लागते. नॉझल म्हणजे आपल्या पंपाच्या स्टोव्हचं निपल समजा, पिन मारायचो ते. दिवसातून कितीतरी वेळा हे नव्याने पेटणार. आणि एखाद्या वेळी पेटलंच नाही तर? तेल फवारतच राहणार.

पहिला उपाय अगदी आजीचाच होता! धुराड्यात दोन धातूंची एक गुंडाळी बसवली, इस्त्रीत असते त्या जातीची. धुराडं तापलं की ती वळणार, म्हणजे खाली आग आहे. नाही वळली तर बर्नर बंद, आणि कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत बंदच. अडचण एवढीच, की धुराडं तापायला वेळ लागतो. म्हणून यंत्र मिनिट-दीड मिनिट वाट बघायचं.

नंतर आला कॅड सेल, कॅडमियम सल्फाइडचा नखाएवढा डोळा. अंधारात त्याचा रोध प्रचंड, ज्योतीचा उजेड पडला की तो हजार-दीड हजार ओहमच्या खाली येतो. हा धूर बघत नाही, थेट ज्योत बघतो. वाट बघण्याचा काळ ४५ सेकंदांवर आणि पुढे १५ वर आला.

मी हिशेब केला. तासाला एक गॅलनचं नॉझल ४५ सेकंदांत साधारण ४७ मिली तेल फवारतं. म्हणजे थंडीने वैतागलेल्या माणसाने दहा वेळा बटण दाबलं की आत जवळजवळ अर्धा लिटर तेल साचतं. अकराव्यांदा ठिणगी पडली की सगळं एकदम पेट घेतं. याला पफबॅक म्हणतात. धुराड्याचा पाइप निखळतो, काजळी घरभर. म्हणून नव्या कंट्रोलमध्ये नियमच घातलाय: लागोपाठ तीनदा ज्योत दिसली नाही तर साध्या दाबण्याने काही होणार नाही. मशीनला डोळा दिला तो आगीसाठी, हा नियम मात्र माझ्यासारख्यांसाठी :)

१९७३ ने यात पैशाची भर घातली. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल अडवलं, आणि तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. निक्सन यांनी नोव्हेंबरमध्ये थर्मोस्टॅट सहा अंश फॅरनहाइटने खाली करायला सांगितलं. कमी हवेत घट्ट, तापट ज्योत देणारे बर्नर त्या दशकात घरोघरी लागू लागले, जुन्या बॉयलरनासुद्धा.

असो. माझ्या बॉयलरचं काय झालं होतं? डोळा ठीक, ठिणगी ठीक, नॉझल नवं. जमीन कोरडी ठणठणीत, कुठे गळती नाही. मेकॅनिकबुवांनी पंपाच्या तोटीला पारदर्शक नळी लावली आणि आत चक्क सोड्यासारखा फेस! टाकी पंपापेक्षा खालच्या पातळीवर होती, त्यामुळे पंप तेल ओढून घेत होता. अशा पाइपचा सांधा सैल असला की तेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस पिऊन बघा. बसवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हवा काढली होती, पण सांधा तसाच राहिला. दोन दिवसांत हवा परत साचली.

त्यांनी सांधा कापून नवा केला, फेस जाऊन सलग धार येईपर्यंत तेल एका डब्यात सोडलं, आणि सुरू करण्याआधी टॉर्च मारून आत तेल साचलंय का ते बघितलं. फारसं नव्हतं. हवेमुळे फवारलंच गेलं नव्हतं.

जाताना त्यांनी लाल बटणाच्या वर मार्करने "१" लिहिला आणि त्याभोवती गोल काढला.