काळारामाचा दरवाजा आणि द्राक्षाचा मळा

नागपूरहून नाशिकला निघालो तेव्हा गाडीतल्या एका सहप्रवाशाने विचारले, "देवदर्शनाला की वाईनला?" गोदाकाठच्या या प्राचीन शहराची एवढीच ओळख उरली आहे काय? आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मला एक दरवाजा पाहायचा होता.

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष काळाराम मंदिराशी आले आणि दरवाजे बंद झाले. त्याच वर्षी रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगड पडले. लढा पाच वर्षे चालला. आज मी त्या दरवाजातून आत गेलो. कोणी जात विचारली नाही. मी हात जोडले नाहीत. आपल्या माणसांना मूर्तिपूजक करण्यासाठी हा लढा नव्हता, त्यांना जागे करण्यासाठी होता, असे बाबासाहेबांनी १९३४ साली दादासाहेब गायकवाडांना कळवलेच होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. एकवीस वर्षे आणि एक दिवसाने ती आमच्या नागपुरात प्रत्यक्षात उतरली.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे. २००१ साली शासनाने वाईन उद्योगासाठी धोरण आखले. येवल्याच्या वाटेवर विंचूरला वाईन पार्क झाले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी; वाईन चाखण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न वेगळाच होता.

याच दिंडोरी तालुक्यातले आंबे हे दादासाहेबांचे गाव. काळारामाच्या सत्याग्रहाचा हा सेनानी पुढे १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांना घेऊन जमिनीच्या सत्याग्रहात उतरला. असे का? मंदिराचा दरवाजा कायद्याने उघडता येतो. १९४७ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झालाही. जमिनीचा दरवाजा तसा उघडत नाही. द्राक्षाला जमीन लागते, पाणी लागते, भांडवल लागते. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्या वाट्याला मळ्यातली मजुरी येते.

काळारामाच्या लढ्यावर आपण पुष्कळ लिहिले. ते आवश्यकच होते. पण ज्या गावांतून ते सत्याग्रही निघाले, त्या गावांत आज त्यांच्या नातवंडांच्या नावे किती जमीन आहे? हा इतिहास पोथीत सापडणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगणार आहे : नाशिकला जा, दरवाजा पाहा आणि मग तलाठ्याचे दप्तर उघडा.