पंगत, वार आणि वसतिगृह

मुंजीच्या दिवशी सकाळी मातृभोजन नावाचा एक विधी होत असे, आजही होतो. मुंज व्हावयाच्या मुलाने आईच्या पानात बसून तिच्याबरोबर शेवटचे जेवावयाचे. त्यानंतर त्याचे पान पुरुषांच्या पंगतीत मांडले जाई आणि आई वाढणाऱ्यांत राही. मुलाचे वय सामान्यतः आठ. म्हणजे आज ज्याला किशोरवय म्हणतात, ते सुरू होण्यापूर्वीच मायलेकरांची पाने वेगळी झालेली असत.

पूर्वी सारे कुटुंब एकत्र बसून जेवत असे, ही समजूत गोड असली तरी तपासून घेण्याजोगी आहे. ज्या घरांत सोवळेओवळे पाळले जाई, तेथे पुरुष आणि मुलगे आधी, बायका व मोठ्या मुली मागाहून आणि सुना सर्वांच्या शेवटी, असा क्रम असे. पानात टाकू नये, वडीलमाणसांच्या आधी उठू नये, वाढणाऱ्याला हवे-नको वेळेवर सांगावे, हे वळण पंगतीत लागे खरे. पण मनातले काही सांगावयाचे झाले तर मुलगा पंगतीत बोलत नसे, स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन आईला सांगत असे.

इंग्रजी शिक्षणाने ही पंगतही मोडली. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली, आणि कोकणातल्या व देशावरल्या खेड्यांतून बारा-चौदा वर्षांची मुले शाळेसाठी पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी अशा गावांकडे निघाली. वडिलांच्या निधनानंतर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या थोरल्या बंधूंनी दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळाला पाठवीत. ज्यांना असा भाऊही नव्हता, ते वार लावून जेवत.

सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, याप्रमाणे सात दिवसांची सात घरे मुलाने मिळवावयाची. एखाद्या दिवसाचा वार लागला नाही तर त्या दिवशी माधुकरी मागावयाची, नाहीतर उपास काढावयाचा. यात दानधर्माचा भाग होता आणि मिंधेपणाचाही होता. यजमानांच्या घरी पाणी भरणे, बाजारहाट करणे ही कामे न सांगताच अंगावर पडत. एखाद्या घरी पान सर्वांच्या शेवटी मांडले जाई आणि भाताबरोबरच्या आमटीत पाणीच अधिक असे. एखाद्या घरची बाई मात्र मुलाचा चेहरा उतरलेला पाहून परीक्षेचे काय झाले ते विचारी आणि पोळीवर आणखी थोडे तूप घाली. सात घरांतून असे एक घर मिळाले तरी परगावचे पोरकेपण पुष्कळ हलके होई.

अलीकडे अनेक देशांत किशोरवयीन मुलांच्या जेवणाच्या पाहण्या होतात. आठवड्यातून किती वेळा मुले आईबापांबरोबर जेवतात हे त्यांत मोजतात आणि त्याचा मुलांच्या आहाराशी, अभ्यासाशी, मनःस्वास्थ्याशी संबंध लावतात. संबंध दिसतो; परंतु घरची सांपत्तिक स्थिती आणि आईबापांचे मुलांवरील लक्ष हिशेबात धरले, म्हणजे तो पुष्कळ सौम्य होतो. वारावरच्या मुलांची ही संख्या सुट्टीचे दिवस वगळता शून्य होती.

अर्थात या प्रथेचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. वाराची घरे बहुतेक ब्राह्मणांची होती व वारही ब्राह्मण मुलांनाच मिळे. मराठा, जैन, मुसलमान मुलांना ती दारे उघडी नव्हती. अस्पृश्य गणलेल्या मुलाने तर त्या अंगणात पाऊल टाकण्याचीही सोय नव्हती. मुलींचा प्रश्नच निराळा. त्यांच्यासाठी पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढले आणि अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १९०० साली हिंगण्याला गेला.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहांना आश्रय दिला. तेथल्या जैन वसतिगृहात भाऊराव पाटील राहत. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. जेवणाच्या पंगतीपायी घर सुटलेल्या या मुलाने १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

या वसतिगृहात पंगत एकच होती. तेथील मुलांचे आईबाप दूर खेड्यांत होते, कित्येकांना ते नव्हतेच. त्यांच्या पोटापाण्याचा भार भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर पडला. त्या जुन्या वळणाच्या, सोवळ्यात वाढलेल्या; विटाळाची भीती मनातून जायला त्यांना वेळ लागला, आणि त्यात नवल नाही. पण मुले भुकेली दिसू लागली तेव्हा अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले गेले आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दाण्यागोट्यासाठी गेले. १९३० साली त्या वारल्या. साताऱ्याकडची माणसे त्यांना अजून ‘रयतमाउली’ म्हणतात.