बॅगपाइप : अडगावच्या रणापासून आपल्या ओसरीपर्यंत

बॅगपाइप म्हटले की चौकड्यांचा घागरा ल्यालेला गोरा शिपाई डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु या वाद्याची आणि आपल्या मुलखाची ओळख दोनशे वर्षांहून जुनी आहे.

सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रजांच्या ७८व्या हायलँडर पलटणीतील वादकांना जखमी उचलण्याचा हुकूम झाला. एका बॅगपाइपवाल्याने तो आपल्यालाही लागू समजून वाद्य खाली ठेवले. पुढे सोबत्यांनी त्याला टोचून टोचून हैराण केले. बासरीवाले मागे गेले तर गेले. पण पाइपवाल्याने ऐन रणातून मागे फिरावे? २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगावाजवळ भोसल्यांच्या फौजेशी गाठ पडली, तेव्हा हा गडी अशा ईर्ष्येने वाजवू लागला की शिपायांना रांगेत आवरणे कठीण झाले. डेव्हिड स्टुअर्ट याने १८२२ साली छापलेल्या हायलँडरांच्या इतिहासात ही हकीकत आहे.

१७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. पलीकडचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले आणि आपली वर्धा नदी सरहद्द बनली. म्हणजे हे सूर आपल्याकडे प्रथम आले ते पराभवाच्या सोबतीने. काळाची गंमत अशी, की आज मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पथकात आपलीच मुले तेच वाद्य छाती फुगवून वाजवितात.

खरे पाहता आपल्या कानाला ते परके नाहीच. सनईवाल्याशेजारी एक जण नुसता सूर धरून बसतो; बॅगपाइपात ते काम खांद्यावरच्या तीन नळ्या करतात. त्यांना ड्रोन म्हणतात. सनईवाला गालांत हवा साठवितो, इथे ती काखेतल्या पिशवीत साठते. बोटांनी वाजवावयाची नळी म्हणजे चँटर. तिच्यात स्वर नऊच. पण षड्ज नीट धरला तर शुद्ध गंधार आणि कोमल निषाद मिळून आपला खमाज थाटच कानी पडतो.

तेव्हा संचलन पाहून आलेल्या एखाद्या वर्धेकर मुलाने या वाद्याचा हट्ट धरला, तर नवल नाही. प्रश्न येतो तो पैशाचा. १७८१ साली पोर्टो नोवोच्या लढाईनंतर सर आयर कूट याने खूश होऊन हायलँडरांना रुप्याच्या बॅगपाइपसाठी ५० पौंड दिले म्हणतात. आपल्या घरी असा कूट कोठून यावयाचा?

सुदैवाने आरंभी पुरे वाद्य घ्यावेच लागत नाही. सरावाचा चँटर निराळा मिळतो. त्याला पिशवी नाही, ड्रोन नाहीत. आवाज मंद, त्यामुळे शेजारीही सुखी! किंमत पुऱ्या वाद्याच्या अगदी अल्प अंशाएवढी. बोटे बसावयाला काही महिने, कधी वर्षही लागते. तेवढ्या अवधीत हौस टिकाऊ आहे की दिवाळीच्या भुईनळ्यासारखी, हेही कळते.

पुढे पुरे वाद्य घेताना झगमगाटाला भुलू नये. सियालकोट हे या धंद्याचे जुने ठाणे. तिथली शिसमाची वाद्ये जगभर स्वस्तात जातात. त्यांत काही भिंतीवर टांगण्यापुरतीच असतात. नळीचे भोक आणि स्वरांची छिद्रे चुकली, तर शिकणाऱ्याला वाटते की दोष आपलाच, आणि चांगले मूल वाद्य सोडून देते. पैशापेक्षा हे नुकसान मोठे.

उत्तम नळ्या आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाच्या. ते झाड आपल्या शिसवाचेच भाऊबंद. पण वैशाखात पारा ४५ अंशांवर आणि आषाढात भिंतींना ओल, अशा वर्ध्याच्या हवेत लाकूड तडकते किंवा फुगते. म्हणून पहिले वाद्य चांगल्या कठीण प्लॅस्टिकचे घेणे शहाणपणाचे. जुने मिळाले तर अधिक बरे. ते घेताना सर्व तोंडे बंद करून पिशवी फुंकावी आणि दाबून पाहावी. हवा टिकली पाहिजे. सांध्यांवरचा मेणाचा दोरा तपासावा. रीड, म्हणजे पत्ती, मात्र नवी आणि मऊ घ्यावी, कारण कोवळ्या छातीला कडक पत्ती झेपत नाही. आणि शक्य तर सैन्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या वादकाला सोबत न्यावे. त्याचा कान हीच खरी पावती.

अडगावला ज्या सुराने शत्रूची छाती फुगली, तो आज आपल्या ओसरीवर अडखळत उमटू लागला, तर वाचकहो, तक्रार करू नका. फार तर दार लोटून घ्या!